एका दिवसाची नदी

2023 साली छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली काढून पांढुर्णा जिल्हा झाला. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो, तेव्हापासून मराठी बोलणारा हा पट्टा कुणाच्याच नकाशात मधोमध नव्हता. त्यामुळे जिल्हा झाल्याचा आनंद खोटा नाही. पण जिल्हा होणं म्हणजे काय, हे शाळामास्तरापेक्षा जमिनीच्या दलालाला आधी समजतं. कलेक्टर कचेरी येणार, एसपी ऑफिस येणार, कर्मचाऱ्यांची वसाहत, रुंद रस्ते, आणि या सगळ्याभोवती ले-आऊट. धुऱ्यावरची बाभूळ, बोर, हिवर निघतो, चुन्याच्या रेघा पडतात, प्लॉट नंबरचे दगड रोवले जातात. गाव वाढतं ते असंच, त्यात गळा काढण्यासारखं काही नाही. फक्त वाढताना काय राखून ठेवायचं, हे ठरवायला जो वेळ असतो तो फार थोडा असतो, आणि पांढुर्णा-सौंसरची ती वेळ आत्ताची आहे.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. लहान शहरातला निसर्ग कुऱ्हाडीने कमी आणि सौंदर्यीकरणाने जास्त मरतो. कुऱ्हाड लागली तर निदान चार माणसं जमतात, वर्तमानपत्रात दोन ओळी येतात. सौंदर्यीकरणाला मात्र नारळ फोडतात. नाल्याचे काठ काँक्रीटने बांधायचे, तळही पक्का करायचा, पाराभोवती फरसबंदीचे लाल-पिवळे गट्टू बसवायचे, दुभाजकात नर्सरीतले ताड लावायचे, गावाच्या नावाआधी ‘आय लव्ह’ लिहिलेली अक्षरं उभी करून त्यांच्यात दिवे सोडायचे. वर्षअखेरीला ‘हरित क्षेत्र विकसित’ म्हणून अहवाल जातो. नाल्याच्या काठचा करंज, गवत, चिखलातले बेडूक, त्यांच्यावर टपलेला खंड्या यांची कुठल्याच रजिस्टरला नोंद नसते, म्हणून ते गेल्याचीही नोंद होत नाही.

एका पिंपळाचंच बघू. गावातला कुठलाही जुना पिंपळ घ्या. पूर्वी त्याच्याभोवती मातीचा किंवा दगडाचा पार असायचा, दगडांच्या सांध्यांतून पाणी खाली जायचं. आता पार म्हणजे गुळगुळीत ग्रॅनाइट, खोडाला चिकटलेलं सिमेंट, आणि पाराबाहेर थेट रस्त्यापर्यंत गट्टू. झाड उभं दिसतं. पण ज्या मुळांवर ते जगतं ती पाणी पिणारी बारीक मुळं बुंध्यापाशी नसतात, फांद्यांच्या छायेच्या टोकाशी आणि त्याही पलीकडे, वरच्याच थरात पसरलेली असतात. नेमका तोच भाग आपण झाकून टाकतो. चारपाच पावसाळ्यांत शेंड्याकडून फांद्या वाळायला लागतात. मग ‘धोकादायक वृक्ष’ म्हणून अर्ज येतो, परवानगी मिळते, आणि झाड रीतसर, कायद्याने पडतं. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीला आदेश दिला होता की झाडांभोवतीचं काँक्रीट निदान एक मीटरपर्यंत काढून टाका. एक मीटर म्हणजे काही फार नाही, पण तेवढंही आपल्याकडच्या ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात बसत नाही, कारण त्याला बिल मिळतं ते गट्टू बसवल्याच्या चौरस मीटरचं. न बसवल्याचं बिल काढता येत नाही. या विषयातली निम्मी अडचण या एका हिशेबात आहे.

आपल्या भागातलं श्रद्धेचं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे जामसावळी. तिथला निजलेला हनुमान पिंपळाखालचा, आणि देवस्थान जाम नदीच्या काठचं. म्हणजे देवाची जागाच मुळी झाड आणि नदी या दोघांनी ठरवलेली. 2023 च्या ऑगस्टमध्ये तिथे हनुमान लोक या देवस्थान-विकासाच्या प्रकल्पाचं भूमिपूजन झालं, 300 कोटींच्या वरचा आराखडा. भाविकांची सोय व्हायलाच हवी, मंगळवार-शनिवारची गर्दी ज्याने पाहिली तो याला नाही म्हणणार नाही. पण अशा आराखड्यात प्रवेशद्वारं किती, दुकानं किती, वाहनतळ किती हे जितक्या बारकाईने मांडतात, तितक्या बारकाईने नदीचा काठ किती फूट मातीचाच राहणार हेही मांडायला हवं. पिंपळ आणि नदी हे देवस्थानाचे मूळ रहिवासी आहेत, शोभेच्या वस्तू नव्हेत.

आता त्याच जाम नदीच्या वरच्या अंगाला, पांढुर्ण्याला येऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबत निघते त्याच दिवशी, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. पात्राच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि दोन्ही काठांवरून दगड चालतात. झेंडा निघाला की चंडीमातेच्या देवळात जातो. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी यांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती इथे सांगत नाही. गोटमार बंद करावी की नाही, या वादातही शिरत नाही. जखमी दरवर्षी शेकड्यांनी होतात, आजवर डझनावर जीव गेले आहेत, आणि तरी ती होते. मला त्या दिवशीच्या बंदोबस्ताकडे बोट दाखवायचं आहे. कलेक्टर, एसपी, शेकडो पोलीस, रुग्णवाहिका, डॉक्टरांच्या चमू, जमावबंदीचे आदेश, आकाशात ड्रोन. एका नदीच्या पात्रातल्या काही शे मीटरसाठी अख्खं प्रशासन उन्हातान्हात उभं असतं. पात्रात दगड किती, ते आणले कुणी, पाणी किती, पूल कुठला बंद ठेवायचा, याची बैठकांवर बैठका घेऊन चर्चा होते.

म्हणजे नदीकडे लक्ष देणं आपल्याला जमत नाही, असं नाही. एक दिवस उत्तम जमतं. उरलेल्या दिवसांत गावाच्या नाल्या कुठे उतरतात, हे पुलावर उभं राहिलं की कुणाला विचारावं लागत नाही. ड्रोनने त्या नाल्यांची तोंडं मोजायला एक सकाळ पुरेल.

पळसाचंही तसंच. गोटमारीला चालतो तो उभा, जिवंत, रानातून आणलेला पळस. प्लास्टिकचा नाही, बाजारातला नाही. ही रूढी ज्या काळात बसली त्या काळात पळस गावाच्या शिवेवरच असणार, नाहीतर दरवर्षी कोण लांबून आणतो? नदीत पाणी असणार, पात्रात दगड असणार, दोन गावांमध्ये मोकळा काठ असणार. रूढी टिकवायची म्हणणाऱ्यांनी निदान एवढं तरी मान्य करावं, की तिच्यासाठी लागणारं सगळं सामान निसर्गाकडून उसनं घेतलेलं आहे आणि परतफेड शून्य आहे. शिवेवर दोनचार एकरांत पळस राखून ठेवा म्हटलं तर आज ती जागा कुणाच्या तरी सातव्या फेजमध्ये निघेल.

पांढुर्ण्याहून निघालेली जाम सौंसर तहसिलीतून जाऊन कन्हानला मिळते. कन्हान पुढे नागपूर जिल्ह्यात उतरते, आणि नागपूर शहर पिण्यासाठी जे पाणी घेतं त्यातला एक मोठा वाटा कन्हानचा आहे. वरच्या अंगाला काय चाललंय याची जाणीव नागपूरला एकदा झाली होती, पण ती पेंच नदीच्या बाबतीत. छिंदवाडा जिल्ह्यात चौरईचं धरण उभं राहिलं, तोतलाडोह जलाशयात येणारं पाणी घटलं, आणि 2019 च्या जुलैत नागपूरकरांना एक दिवसाआड नळ आला. तेव्हा दोन राज्यांच्या पाणीवाटपावर खूप बोललं गेलं. पाणी किती येतं यावर भांडण झालं. कसं येतं, यावर अजून व्हायचंय. ते झालं तर पांढुर्णा-सौंसरच्या नाल्यांची चौकशी भोपाळच्या आधी नागपूरहून होईल, आणि त्यात काही गैर नाही. आपल्याला नागपूर रोजगाराला जवळचं, दवाखान्याला जवळचं, सोयरिकीला जवळचं. मग सांडपाण्यालाच ते परकं कसं?

नागपूरकडून शिकण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे नाग नदी. शहराला जिचं नाव, तिचा शहराने नाला केला. आता तिचं प्रदूषण काढण्यासाठी 1,900 कोटींच्या वरचा प्रकल्प मंजूर झाला आहे. मुंबईतही तेच: धारावीला लागून माहीमच्या काठावर शहराने वर्षानुवर्षं कचरा टाकला, आणि मग त्याच ढिगावर माती आणून, झाडं लावून 37 एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं केलं. ते 1994 साली लोकांसाठी उघडलं आणि आज तिथे फुलपाखरं, पक्षी आहेत. ते काम थोर आहे, यात शंका नाही. पण ते आधी बिघडवून मग दुरुस्त करण्याचं काम आहे आणि त्याला मुंबईचा पैसा लागतो. सौंसरच्या पालिकेकडे तो नाही आणि पुढच्या पन्नास वर्षांतही येणार नाही. ज्याच्याकडे दुरुस्तीला पैसा नाही त्याने बिघडवू नये, हा साधा व्यवहार आहे. त्यासाठी पर्यावरणावर प्रेम असण्याचीही गरज नाही.

इथे आपल्याकडचा माणूस हमखास एक गोष्ट म्हणतो: चहूबाजूंनी संत्र्याचे बगीचे असताना गावात आणखी हिरवळ कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण वरून पाहिलं तर सौंसर-पांढुर्णा हिरवंच दिसतं. पण बगीचा हे पीक आहे. 20 बाय 20 फुटांवर एकाच जातीची झाडं, बहुतेक जंभेरीच्या खुंटावर बांधलेल्या कलमांची, खाली तणनाशक मारून स्वच्छ केलेली जमीन. मृग बहार घ्यायचा म्हणजे मे महिन्यात झाडाला ताण द्यायचा, आंबिया घ्यायचा तर भर उन्हाळ्यात फळ टिकवायला बोअरचं पाणी सोडायचं. शेजारचा वरूड-मोर्शीचा पट्टा याच संत्र्यापायी भूजलाच्या अतिउपशासाठी बदनाम झाला. संत्र्याच्या झाडाला धनेशाला पुरेल अशी ढोली होत नाही, हरियालांच्या थव्याला पुरतील अशी फळं त्याला येत नाहीत. आणि एकदा डिंक्या लागून बगीचा बसला, भाव पडला, की ती जमीन उभ्या पिकापेक्षा प्लॉटला जास्त पैसे देते. गावाला चिकटलेला बगीचा हा उद्याचा ले-आऊट असतो. त्याच्या भरवशावर गावाने सावलीचा हिशेब मांडू नये. बगीच्यात खरी जपण्यासारखी झाडं असतात ती कडेची: विहिरीवरचा उंबर, धुऱ्यावरचा मोह, गोठ्याजवळची चिंच. ले-आऊट पडताना आधी जातात तीच.

धनेशाचा उल्लेख आला म्हणून थोडं विषयांतर करतो. राखाडी धनेश हा जुनी झाडं असलेल्या गावांमधून अजून दिसतो. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, दार आतून लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि अंडी उबवून पिल्लं बरीचशी वाढेपर्यंत नर त्या फटीतून तिला भरवतो. नराला उंबर, पिंपळ, वड यांची फळं रोज लागतात. म्हणजे एका जोडीला एक म्हातारं पोकळ झाड आणि आसपास फळणारी चारदोन झाडं हवीत. वृक्षारोपणाच्या दिवशी लावलेली हजार रोपं यातलं काहीही पुढची कित्येक वर्षं देऊ शकत नाहीत. महाराष्ट्राने 2021 साली शहरी झाडांच्या कायद्यात दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसावृक्ष म्हटलं, आणि तोडलंच तर झाडाचं वय जितकं तितकी रोपं लावायची अट घातली. हेतू चांगला. पण साठ वर्षांचा पिंपळ बरोबर साठ रोपं हे गणित धनेशाला मान्य होणार नाही.

मध्य प्रदेशातही शहरी झाडांसाठी 2001 चा वेगळा कायदा आहे, झाड तोडायला परवानगी लागते. तो वाईट नाही. मात्र व्यवहारात नजर जाते ती खोडावर. न तोडता झाड मारायच्या तऱ्हा नजरेबाहेर राहतात, आणि त्या कुणाला शिकवाव्या लागत नाहीत: बुडाशी कचरा पेटवणे, विजेच्या तारेचं निमित्त करून एका बाजूचं सगळं छाटणे, नळाची चारी खोदताना जेसीबीने निम्मी मुळं तोडणे, आणि वर सांगितलेले गट्टू.

जमीन झाकण्याचा तोटा झाडांपुरता नाही. पांढुर्ण्याकडे आपण काळ्या दगडावर बसलो आहोत. सौंसरकडे त्याहून फार जुना, रूपांतरित झालेला खडक वर येतो. भूशास्त्रात त्या खडकांच्या समूहाला सौंसरचंच नाव आहे आणि भंडारा-बालाघाटपर्यंतचं मँगनीज त्याच्यातच सापडतं. दोन्हीकडे पाणी साठतं ते वरच्या कुजक्या, मुरमाड थरात आणि खालच्या भेगांत. साठवण उथळ, म्हणून दर पावसाळ्यात भरावी लागते. गावाचा जितका भाग गट्टू आणि काँक्रीटखाली जातो तितकं पाणी मुरायच्या आधी नाल्यात पळतं, मग जुलैत रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि एप्रिलात टँकर, असं एकाच गल्लीत दिसू लागतं. उन्हाळ्याचं तर सांगायलाच नको. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उष्णता सोडत राहतं, आणि कूलर असलेल्याला जे सुसह्य वाटतं ते पत्र्याखाली झोपणाऱ्याला नसतं. शहरातली सावली ही गरिबाची गरज आहे. तिला शौक म्हणणाऱ्याने पत्र्याच्या खोलीत एक मे महिना काढावा.

काही तक्रारी खऱ्या आहेत. पिंपळ भिंत फोडतो. चिंचेचा पाला नाली तुंबवतो. नाल्याकाठच्या झुडपात साप निघतो आणि पोराबाळांच्या घरात ती थट्टेची गोष्ट नाही. यावर उपाय म्हणून झाड जागा बघून लावावं, नाली वेळेवर उपसावी, झुडूप घरापासून पाचदहा हात मागे ठेवावं. हे देखभालीचे प्रश्न आहेत. पालिकेला देखभाल आवडत नाही, कारण तिचं उद्घाटन होत नाही.

शेवटचा आणि ठरलेला बचाव म्हणजे पैसा नाही. या बचावाचा निकाल आपल्याच राज्यात लागून चाळीस वर्षं होऊन गेली. रतलामच्या एका वॉर्डात उघड्या नाल्या, दुर्गंधी आणि दारूच्या कारखान्याचं सांडपाणी यांना कंटाळून रहिवासी दंडाधिकाऱ्याकडे गेले. पालिका म्हणाली, नाल्या बांधायला पैसा नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1980 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की नगरपालिका कायद्याने सोपवलेलं स्वच्छतेचं कर्तव्य पैशाचं कारण सांगून टाळता येत नाही. दंडाधिकाऱ्याचा मूळ आदेश निघाला होता सार्वजनिक उपद्रव दूर करण्याच्या कलमाखाली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 133 खाली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच 152 झालं आहे. त्यासाठी मोठा वकील लागला नव्हता, वास सहन न होणारे शेजारी लागले होते. पुढे 74 व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली आणि तिच्यात शहरी वनीकरण व पर्यावरणाचं संरक्षण हा विषय नगरपालिकांच्या यादीत स्पष्ट शब्दांत बसला. तरी आपले पार्षद निवडणुकीत रस्ता, नळ, दिवे एवढंच बोलतात आणि आपण तेवढंच विचारतो.

तेव्हा विचारायचं कधी आणि कुठे? वृक्षारोपणाच्या मांडवात नाही. राज्याच्या 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश कायद्याखाली शहराचा विकास आराखडा आधी मसुदा म्हणून जाहीर होतो आणि लेखी हरकतींसाठी निदान 30 दिवस मिळतात. जिल्ह्याच्या दोन्ही गावांसाठी पुढचा मसुदा जेव्हा येईल तेव्हा त्यात ले-आऊटवाल्यांच्या हरकती असणारच. त्यांच्यात आपल्याही असाव्यात, आणि ‘पर्यावरण वाचवा’ असल्या शब्दांत नसाव्यात. नाला कुठून कुठे वाहतो आणि दोन्ही काठांना किती मीटर माती उघडी राहील, ते लिहावं. जाम नदीच्या पूररेषेच्या आत बांधकाम दाखवलं असेल तर तो तुकडा सांगावा. वॉर्डातली जुनी झाडं जागेनिशी नोंदवून ती रस्तारुंदीच्या रेषेत येतात का, ते नकाशावर तपासावं. येत असतील तर रेषा दोन मीटर सरकवा म्हणावं. झाडाभोवती एक मीटर गट्टू नको, ही अट टेंडरमध्येच घाला, हे पालिकेच्या सीएमओंना वेगळ्या पत्राने कळवावं. नुसतं ‘आमच्या भागातलं झाड’ लिहिलं तर बाबू कागद बाजूला ठेवतो, म्हणून तलाठ्याला, म्हणजे इथल्या पटवाऱ्याला, आधी गाठून खसरा नंबर घ्यावा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.